गाव कोणतं? टीम कोणती?

पोलादाच्या गावात वाढलेल्या माणसाला एक प्रश्न जन्मभर विचारला जातो : ‘मूळचे कुठले?’ २०२२ साली दोहाच्या रस्त्यावर फुटबॉलची जर्सी घालून नाचणाऱ्या हजारो भारतीयांनाही साऱ्या जगानं तोच प्रश्न विचारला. परदेशी मैदानांवर ओरडणारा हा चाहता नेमका कोण असतो? याचं उत्तर शोधायला भिलाईच्या सेक्टर २ इतकी सोयीची जागा दुसरी नसेल!

नागपूरहून हावड्याच्या दिशेनं निघालेली गाडी गोंदिया सोडते, डोंगरगढची बम्लेश्वरीची टेकडी मागे टाकते आणि राजनांदगाव, दुर्ग करत भिलाईत शिरते. मराठी प्रवाशाला भिलाई बहुधा खिडकीतूनच ठाऊक असते. उंच धुराडी, मालगाड्यांच्या रांगा आणि हवेत तरंगणारा लालसर धूर. ज्या रुळांवरून ही गाडी धावते, त्यांतले कितीतरी रूळ याच कारखान्यात तयार झालेले असतात, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतं.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. वर्षाला १० लाख टन पोलाद हे सुरुवातीचं उद्दिष्ट होतं. पोलाद ओतायला माणसं लागतात. ती केरळातून आली, आंध्रातून आली, बंगाल, ओडिशा, बिहार, पंजाब आणि विदर्भातून आली. त्यांच्यासाठी कारखान्याच्या शेजारी आखीव नगर वसवलं गेलं. त्या नगरातल्या वस्त्यांना ना कुणा राजाचं नाव मिळालं, ना कुणा देवाचं. मिळाले ते फक्त आकडे. सेक्टर १, सेक्टर २, सेक्टर ३...

सडक, क्वार्टर आणि देव

सेक्टर २ मधल्या घराचा पत्ता असा असतो : सडक नंबर अमुक, क्वार्टर नंबर तमुक. वाडा नाही, आळी नाही, पेठ नाही. आपल्याकडे जुन्या गावात आळीच्या नावावरून माणसाची जात, धंदा, घराणं सगळं कळतं. इथे पत्त्यावरून काहीच कळत नाही! कळलीच तर नोकरीतली श्रेणी कळते, कारण क्वार्टर मिळतं ते श्रेणीप्रमाणे. त्यामुळे एका भिंतीपलीकडे इडलीचं पीठ आंबतं, दुसऱ्या भिंतीपलीकडे मोहरीच्या तेलात मासा तळला जातो आणि समोरच्या घरात चुलीवर लिट्टी भाजली जाते.

देवांचंही तसंच. सेक्टर २ मध्ये अय्यप्पाचं मंदिर आहे. इथल्याच तलावावर कार्तिकात छठपूजेची गर्दी उसळते. थोडं पुढे गेलं की सेक्टर ४ मध्ये जगन्नाथ, सेक्टर ५ मध्ये बालाजी, सेक्टर ६ मध्ये कालीबाडी आणि गुरुद्वारा. भिलाईला ‘मिनी इंडिया’ म्हणतात ते उगाच नाही.

अशा गावात दोन अनोळखी माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला. ‘आप कहाँ के हैं?’ वडिलांच्या पिढीला उत्तर सोपं होतं. पालघाट, श्रीकाकुलम, बरिशाल, छपरा. अडचण झाली ती मुलांची. मुलगा सेक्टर ९ च्या इस्पितळात जन्मला, सेक्टर २ च्या भिलाई विद्यालयात शिकला, मित्रांशी हिंदीत भांडला. तो सांगतो, ‘भिलाईचा.’ समोरचा हसून म्हणतो, ‘ते झालं हो, पण मूळचे कुठले?’ बरं, भिलाईचा म्हणावं तर भिलाईतही घर आपलं नाही. क्वार्टर नोकरीबरोबर मिळायचं आणि नोकरीबरोबरच जायचं. पुढे काही घरं लीजवर दिली गेली, एवढंच.

ज्याला वडिलांचं गाव परकं आणि जन्मगाव तात्पुरतं, असा माणूस आपलं असं काहीतरी निवडून घेतो. कुणी नट निवडतो, कुणी पक्ष, कुणी फुटबॉलची टीम.

काळी वस्त्रं, निळी जर्सी

फुटबॉलच्या नकाशावर छत्तीसगड ठळक नाही. शेजारचं राजनांदगाव ओळखलं जातं ते हॉकीसाठी. फुटबॉलसाठी नाव घ्यायचं तर बस्तरकडच्या नारायणपूरचं, तिथल्या रामकृष्ण मिशनच्या आश्रमाचं. पण फुटबॉलवेडाला मैदानच लागतं असं नाही. ते माणसांबरोबर सामानातून येतं. भिलाईला आलेल्या मलयाळी आणि बंगाली कुटुंबांचा मुलूख हा भारतातल्या फुटबॉलवेडाचाच मुलूख!

बंगाली माणूस जिथे गेला तिथे ईस्ट बंगाल आणि मोहन बागानचा वाद घेऊन गेला. १८८९ साली स्थापन झालेला मोहन बागान हा पश्चिमेकडच्या ‘घोटीं’चा आणि १९२० चा ईस्ट बंगाल हा पूर्वेकडून आलेल्या ‘बांगालां’चा. एक जिंकला की कोळंबी शिजते, दुसरा जिंकला की हिलसा. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांसाठी रायपूरजवळ माना इथे मोठी छावणी होती. ज्यांचं गाव नकाशावर सीमेपलीकडे गेलं, त्यांच्यासाठी क्लबच्या नावातलं ‘ईस्ट बंगाल’ हेच एक गाव उरलं होतं.

मग १९८६ साल आलं. मेक्सिकोतला विश्वचषक दूरदर्शनवर दिसला आणि दिएगो मॅराडोना नावाच्या बुटक्या माणसानं बंगाल आणि केरळातली घरंच्या घरं अर्जेंटिनाच्या नावावर करून टाकली. ब्राझीलचे भक्त आधीपासून होतेच. तेव्हापासून एकाच घरात थोरला अर्जेंटिनाचा, धाकटा ब्राझीलचा, असा संसार सुरू झाला.

आता योगायोग पाहा. कतारमधला विश्वचषक २० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर २०२२ या काळात झाला. नेमका हाच अय्यप्पाच्या मंडलव्रताचा काळ! ४१ दिवसांचं व्रत घेतलेला भाविक काळी वस्त्रं नेसतो, माळ घालतो, अनवाणी चालतो आणि डोक्यावर इरुमुडी घेऊन शबरीमलाकडे निघतो. व्रतात असेपर्यंत त्याला सगळे ‘स्वामी’ म्हणतात. अधिकारी असो वा हमाल, स्वामीच. आपल्या वारीत प्रत्येकजण ‘माऊली’ होतो, तसंच हे.

फुटबॉलची जर्सीही काही वेळ हेच काम करते. निळे-पांढरे पट्टे अंगावर चढले की पगार, जात, भाषा झाकली जाते. पण वारीला आणि शबरीमलाला जायला पासपोर्ट लागत नाही. परदेशातल्या विश्वचषकाला लागतो. आणि पासपोर्ट उघडला की पहिल्याच पानावर पुन्हा तोच प्रश्न : मूळचे कुठले?

दोहातली मिरवणूक

नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच दोहाच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर मिरवणुका निघाल्या. कुणी अर्जेंटिनाच्या जर्सीत, कुणी ब्राझीलच्या, कुणी इंग्लंडच्या. झेंडे फडकत होते, ढोल वाजत होते. (केरळातल्या मिरवणुकांत आपला नाशिक ढोल किती लोकप्रिय आहे, हे तिकडे गेलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा!) चेहरे मात्र बहुतेक भारतीय, त्यातही मल्याळी.

या मिरवणुकांची चित्रं जगभर गेली आणि कुजबुज सुरू झाली. इंग्लंडचा झेंडा घेतलेला हा माणूस इंग्लंडचा दिसत नाही. मग हा खरा चाहता कसा? कतारनं भाड्यानं आणलेली माणसं असणार! समाजमाध्यमांवर थट्टा झाली, काही युरोपीय वृत्तपत्रांनीही शंका घेतली. आयोजकांनी आरोप फेटाळला. फिफाचे अध्यक्ष जिआनी इन्फान्तिनो यांनी १९ नोव्हेंबरच्या पत्रकार परिषदेत, भारतीय दिसणाऱ्या माणसानं इंग्लंडला किंवा जर्मनीला पाठिंबा का देऊ नये, असा सवाल करत या शंकेला सरळ वंशभेद म्हटलं.

इन्फान्तिनो यांचे बाकीचे मुद्दे अनेकांना पटले नाहीत, पण हा मुद्दा खोडता येण्याजोगा नव्हता. ज्यांना केरळ ठाऊक होतं त्यांना तर हसूच आलं. याच सुमारास कोळिकोड जिल्ह्यातल्या पुल्लावूर गावी नदीच्या पात्रात मेसी, नेमार आणि रोनाल्डोचे अजस्र कटआऊट उभे होते. तिथे कुणाला कतारनं पैसे दिले होते?

गंमत म्हणजे पैसे घेतलेले चाहतेही त्या स्पर्धेत होते. आयोजकांनी स्पर्धेत खेळणाऱ्या देशांतल्या निवडक समर्थकांचा विमानाचा आणि राहण्याचा खर्च उचलला होता. त्या बदल्यात स्पर्धेबद्दल चांगलं बोलावं, अशी अपेक्षा होती. युरोपातल्या बातम्यांतूनच हे उघड झालं. म्हणजे ज्यांच्या चेहऱ्यावर कुणी शंका घेतली नाही, त्यांच्यातच फुकटे पाहुणे निघाले आणि स्वतःच्या पगारातून जर्सी विकत घेणारा मात्र खोटा ठरला!

४० रियालचं तिकीट

तो पगार कसा होता, हेही पाहायला हवं. कतारमध्ये परदेशांतून आलेल्यांत सर्वांत मोठा समाज भारतीयांचा, ७ लाखांहून जास्त. त्यात डॉक्टर आणि इंजिनिअर आहेत, दुकानदार आहेत, चालक आहेत आणि बांधकामावरचे मजूरही आहेत. विश्वचषकाची ८ मैदानं, रस्ते, हॉटेलं यांवर भारत, नेपाळ, बांगलादेशातल्या मजुरांचा घाम गळला. विश्वचषकाशी संबंधित कामांवर ४०० ते ५०० मजूर दगावले असावेत, असा अंदाज आयोजन समितीचे प्रमुख हसन अल-थवादी यांनीच नोव्हेंबर २०२२ मध्ये एका मुलाखतीत सांगितला.

सर्वांत स्वस्त वर्गाचं तिकीट फक्त कतारच्या रहिवाशांसाठी राखीव होतं. साखळी सामन्याला ४० रियाल, म्हणजे तेव्हाचे साधारण ९०० रुपये. बाहेरून येणाऱ्याला कमीत कमी २५० रियाल, वर विमान आणि हॉटेल. म्हणून मुंबईतल्या किंवा भिलाईतल्या पगारदाराला जे स्वप्नच राहिलं, ते दोहात राबणाऱ्या माणसाला एका रात्रीपुरतं परवडलं. ज्यांना तेही परवडलं नाही, ते शहराबाहेर एशियन टाऊनच्या क्रिकेट मैदानात लावलेल्या मोठ्या पडद्यासमोर बसले. आपणच बांधलेल्या मैदानातला सामना पडद्यावर बघत!

इथेच परदेशातल्या भारतीय चाहत्याचं वेगळेपण दिसतं. इंग्रज किंवा जर्मन चाहता सामन्यासाठी प्रवास करतो आणि सामना संपला की घरी जातो. आपला चाहता बहुतेक वेळा पोटासाठी आधीच तिथे गेलेला असतो. सामनाच त्याच्या दारी येतो.

अपवाद आहेत, आणि ते मोठे लोभस आहेत. कोलकात्याचे पन्नालाल आणि चैताली चटर्जी हे जोडपं १९८२ च्या स्पेनपासून २०१८ च्या रशियापर्यंत सलग १० विश्वचषकांना गेलं. मोठे धनिक नव्हेत, चार वर्षं काटकसर करायची आणि पाचव्या वेळी बॅग भरायची. पन्नालाल २०१९ मध्ये गेले. केरळचा क्लिफिन फ्रान्सिस हा गणिताचा शिक्षक २०१८ मध्ये विमानानं दुबईला, तिथून बोटीनं इराणला आणि पुढे चक्क सायकलनं मॉस्कोला गेला. कारण एकच, पैसे कमी होते. जॉर्जियानं त्याला सीमेवर अडवलं तेव्हा दोन देशांच्या मधल्या पट्ट्यात तो अडकून पडला होता. २०२२ मध्ये ५ मुलांची आई असलेल्या नाजी नौशीनं मुंबईहून जहाजानं आपली जीप ओमानला पाठवली आणि आखाती देशांतून एकटीनं चालवत कतार गाठलं. ती अर्जेंटिनाची भक्त. परदेशी जाणारा चाहता म्हणजे दारू पिऊन धिंगाणा घालणारा तरुण, हे चित्र यांच्यापैकी कुणालाही लागू पडत नाही.

आणि कोण जातं हे पैशाइतकंच कागदांवरही ठरतं. रशियानं २०१८ साली तिकीटधारकांना ‘फॅन आयडी’वर व्हिसाशिवाय प्रवेश दिला. कतारनं ‘हय्या’ कार्ड काढलं. अशी दारं उघडली की सामान्य घरातला माणूस आत शिरतो. व्हिसाच्या रांगा लागल्या की उरतो तो बँकेत भरपूर शिल्लक असलेला.

पेठेचा, शहराचा, साम्राज्याचा

युरोपातला चाहता आपली ओळख बरोबर घेऊन फिरतो. इंग्लंडच्या समर्थकांचे झेंडे नीट पाहा. पांढऱ्या कापडावरच्या लाल फुलीवर मोठ्या अक्षरांत गावाचं नाव असतं, आणि ती गावं बहुधा लहान, कारखान्यांची, कधीकाळी भरभराट पाहिलेली. या गाव-अभिमानाला काळी बाजूही आहे. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्या अंतिम सामन्याआधी चेंगराचेंगरी झाली आणि ३९ जण ठार झाले. इंग्लिश क्लबांना युरोपात खेळायला वर्षानुवर्षं बंदी झाली. परदेशी जाणारा चाहता हा पोलिसांच्या डोळ्यांत संशयित ठरला तो तेव्हापासून. आणि नेमका उलट नमुना जपानचा. १९९८ च्या फ्रान्समधल्या पहिल्या विश्वचषकापासून जपानी चाहते सामना संपला की पिशव्या घेऊन स्टँडमधला कचरा उचलतात!

आपल्या महाराष्ट्रात या गाव-अभिमानाचं घर म्हणजे कोल्हापूर. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ उतरले की पेठाच्या पेठा ओस पडतात. तिथे संघ निवडावा लागत नाही. ज्या पेठेत जन्म, तो संघ. विश्वचषक आला की याच पेठांत ब्राझील, अर्जेंटिना आणि जर्मनीचे झेंडे लागतात. कोल्हापूरकराला ‘तुझा ब्राझीलशी काय संबंध?’ असं कुणी विचारत नाही, कारण तो कोल्हापूरचा आहे याविषयी कुणालाच शंका नसते.

गोव्यात प्रश्न आणखी नाजूक होतो. डिसेंबर २०२१ मध्ये कळंगुटला क्रिस्तियानो रोनाल्डोचा सुमारे ४१० किलो वजनाचा पुतळा उभा राहिला. गोवामुक्तीची ६० वर्षं त्याच महिन्यात साजरी होत होती! पोर्तुगीज खेळाडूचा पुतळा कशाला, ब्रह्मानंद शंखवाळकर किंवा ब्रुनो कुतिन्होंचा का नाही, म्हणत काळे झेंडे दाखवले गेले. दुसरी बाजू म्हणाली, मुलांना प्रेरणा मिळेल, एवढंच. पोर्तुगीज पासपोर्टवर विलायतेत गेलेल्या गोंयकारानं पोर्तुगालची लाल जर्सी घातली, तर ती खेळाची आवड, पासपोर्टची जाणीव की आजोबांच्या काळाची आठवण? तिन्ही उत्तरं एकाच माणसात सापडू शकतात.

शेजाऱ्याचा आवाज

परदेशात आपलं कुणीच नसणं म्हणजे काय, हे भारतीय फुटबॉलनं १९६२ मध्ये अनुभवलं. जकार्ताच्या आशियाई खेळांत इस्रायल आणि तैवानला प्रवेश नाकारल्याबद्दल भारताचे गुरुदत्त सोंधी बोलले आणि सारं शहर भारतीय पथकावर खवळलं. ४ सप्टेंबरला दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात स्टेडियममधले हजारो प्रेक्षक भारताविरुद्ध ओरडत होते. त्या गदारोळात भारताच्या बाजूनं टाळ्या वाजवणारा एक छोटा गट होता. तो होता पाकिस्तानचा हॉकी संघ! भारत २-१ नं जिंकला. त्या दिवशी खरा चाहता कोण, हे चेहऱ्यावरून किंवा पासपोर्टवरून ठरवलं असतं तर चुकलंच असतं.

१८ डिसेंबर २०२२ रोजी लुसैलच्या मैदानावर अर्जेंटिनानं फ्रान्सला पेनल्टीवर हरवलं. त्यानंतर अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघटनेनं जाहीर आभार मानले ते बांगलादेशाचे, भारताचे, पाकिस्तानचे आणि देशांच्या त्या यादीत वेगळं नाव घालून केरळचेही. ज्यांना महिन्यापूर्वी भाड्याचे म्हटलं गेलं होतं, त्यांना ही पावती ज्यांचा झेंडा त्यांनी खांद्यावर घेतला होता त्यांच्याकडूनच मिळाली.

सेक्टर २ ला यात नवल वाटण्याचं कारण नाही. केरळचा देव, बिहारची छठ आणि रशियाच्या मदतीनं उभी राहिलेली भट्टी यांना इथल्या माणसांनी आपलं मानलं, तेव्हा जन्माचा दाखला कुणी मागितला नव्हता. इथली मुलं शिकतात, बंगळूरला जातात, आखातात जातात, अमेरिकेत जातात. तिथल्या एखाद्या मैदानात निळे-पांढरे पट्टे घालून ती उभी राहतील आणि शेजारचा गोरा प्रेक्षक विचारील, ‘तुम्ही कुठले?’ सडक नंबर, क्वार्टर नंबर, सेक्टर २, हे उत्तर त्याला कळणार नाही. पण तेवढ्यात गोल झाला, तर दोघंही एकमेकांच्या गळ्यात पडतील आणि उत्तर द्यायचं राहूनच जाईल.